साडेसहा तासांच्या मालिकेत मुलं कुठे आहेत?

माझा पीएचडीचा विषय सांगितला की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे ते 'वाइल्ड वाइल्ड कंट्री'सारखं का?" वादग्रस्त धार्मिक संप्रदायांमुळे सदस्यांचं आणि त्यांच्या घरच्यांचं काय नुकसान होतं, हा माझा विषय. त्यामुळे प्रश्न चुकीचा नाही. बरेच दिवस मी "हो, साधारण तसंच" म्हणून सुटका करून घ्यायचे. अलीकडे "नाही" म्हणायला लागले आहे. का, ते आज सांगते. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर यात तुमच्याही कामाचं काही सापडेल. कारण ज्या गोष्टीवरून मी या मालिकेला नावं ठेवणार आहे, ती चूक माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये जशीच्या तशी होती.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१८मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ही सहा भागांची माहितीपट-मालिका. मॅक्लेन आणि चॅपमन वे या दोघा भावांनी केलेली. विषय रजनीश, म्हणजे नंतरचे ओशो, आणि त्यांचे संन्यासी. १९७४मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कात आश्रम सुरू झाला. १९८१मध्ये मुक्काम अमेरिकेत हलला. ओरेगन राज्यात सुमारे ६४ हजार एकरांचं रान घेऊन तिथे रजनीशपुरम नावाचं गाव उभं केलं गेलं. शेजारी अँटिलोप नावाचं जेमतेम चाळीसेक वस्तीचं खेडं. त्यांच्यात आणि यांच्यात आधी जमिनीवरून, मग मतदानावरून संघर्ष पेटला. १९८४मध्ये द डॅल्स या गावातल्या हॉटेलांच्या सॅलड बारमध्ये साल्मोनेला जंतू मिसळले गेले आणि ७५१ लोक आजारी पडले. १९८५मध्ये सगळं कोसळलं. रजनीशांना अटक झाली, चार लाख डॉलर दंड झाला, ते परतले आणि १९९०मध्ये पुण्यातच वारले. त्यांच्या सचिव मा आनंद शीला यांना वीस वर्षांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात त्या अडीच वर्षांच्या आतच सुटल्या. मालिकेला एमी मिळालं आणि शीला यांचे मीम झाले.

मालिका चांगली आहे, हे आधीच कबूल करते. जुनं फुटेज अफाट आहे. निवेदक नाही, त्यामुळे कुणी वरून निकाल देत नाही. शीला बोलतात, रजनीशांचे वकील बोलतात, अँटिलोपचे म्हातारे रहिवासी बोलतात, सरकारी वकील बोलतात. एकदा या बाजूचं पटतं, एकदा त्या बाजूचं. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी वहीत "अतिशय संतुलित" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

ती वही अजून आहे. आता त्या शब्दाशेजारी प्रश्नचिन्ह आहे. संतुलित म्हणजे कुणाकुणामध्ये? तराजूला दोनच पारडी असतात. मालिकेने एका पारड्यात गाव घातलं, दुसऱ्यात कम्यून. मग नुकसान मोजायचं ते या दोघांनी एकमेकांचं काय केलं एवढंच. विषबाधा झालेले लोक, घाबरलेले गावकरी, मतांसाठी देशभरातून बसने आणलेले बेघर लोक आणि त्यांना शांत ठेवायला बिअरमधून दिलेलं औषध, रजनीशांच्या डॉक्टरांना सुई टोचून मारण्याचा प्रयत्न, हे सगळं येतं आणि नीट येतं. कम्यूनच्या आत, रोजच्या जगण्यात, ज्यांच्या वाट्याला काही आलं त्यांना मात्र पारडंच उरत नाही.

त्यातही सगळ्यांत ठळक गैरहजेरी मुलांची. साडेसहा तासांत मुलं आलीच तर पार्श्वभूमीला. कुणाच्या तरी कडेवर, कुठल्या तरी रांगेत.

आणि मुलं तर होती. पुण्यात होती, ओरेगनमध्ये होती, युरोपातल्या कम्यूनमध्ये होती. जर्मनी, ब्रिटन, हॉलंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इथून आलेल्या आईबापांनी सोबत आणलेली. कुटुंब ही संस्था कालबाह्य झाली आहे, मूल हे दोघांचं नसून सगळ्या कम्यूनचं असावं, ही रजनीशांची जाहीर शिकवण होती. मूल होऊ देणं टाळावं असा सूर होता आणि अनेक संन्याशांनी नसबंदी करून घेतली होती. म्हणजे कम्यूनमधली बहुतेक मुलं तिथे जन्मलेली नव्हती, आणली गेलेली होती. ती पुष्कळदा आईबापांपासून वेगळी, मुलांच्या सामायिक जागेत राहायची.

त्यांपैकी एकाचं पुस्तक तुम्ही वाचाच. टिम गेस्ट यांचं 'माय लाइफ इन ऑरेंज', २००४चं. गेस्ट यांची आई इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या 'मेडिना' नावाच्या रजनीश कम्यूनच्या प्रमुखांपैकी होती. मुलालाही भगवे कपडे, गळ्यात माळ, नवं नाव. इंग्लंड, पुणे, ओरेगन, जर्मनी असा त्याचा प्रवास झाला. पुस्तकात मारहाण, उपासमार असं भडक फारसं नाही. आहे ते असं : आई त्याच कम्यूनमध्ये आहे, पण कामात आहे, ध्यानात आहे, सगळ्यांची आहे. तिला शोधावं लागतं. एक मूल आपल्याच आईची वाट बघतं, आणि वाट बघणं हेच मागासलेपण आहे असं भोवतालचं सगळं जग त्याला सांगत असतं. गंमत म्हणजे पुस्तक विनोदी आहे, आणि मोकळेपणाचे, रानात हुंदडण्याचे दिवसही त्यात लपवलेले नाहीत. मला ते म्हणूनच विश्वासार्ह वाटतं.

दुसरी व्यक्ती डच चित्रपटकार मारोएश्या पेरिझोनियस. त्यांचंही लहानपण आईबरोबर याच संप्रदायात गेलं. त्यांनी २००४मध्येच 'कम्यूनकिंड' हा माहितीपट केला होता. म्हणजे 'वाइल्ड वाइल्ड कंट्री' येण्याआधी चौदा वर्षं हे पुस्तक आणि हा माहितीपट, दोन्ही उपलब्ध होतं. २०२४मध्ये पेरिझोनियस यांनी अ‍ॅलिस मॅकशेन यांच्याबरोबर 'चिल्ड्रन ऑफ द कल्ट' केला. त्यात लहानपणी कम्यूनमध्ये लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या स्त्रिया स्वतःच्या नावानिशी, चेहरा न झाकता बोलतात.

तेव्हा "माहिती नव्हती" हे उत्तर चालत नाही. मुलांबद्दल सांगणारे लोक होते, पण मालिकेच्या प्रश्नात ते बसत नव्हते. याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण मालिकेतच आहे. जेन स्टॉर्क या ऑस्ट्रेलियन बाईंनी डॉक्टरांना सुई टोचली होती. त्यांनी तुरुंगवास भोगला. पुढे एका सरकारी वकिलाच्या खुनाच्या कटाचा आरोप डोक्यावर असल्यामुळे त्यांना जर्मनीबाहेर पडता येईना, आणि ऑस्ट्रेलियात मुलाला मेंदूचा ट्यूमर झाला. त्याला भेटता यावं म्हणून त्या स्वतःहून अमेरिकेतल्या कोर्टात उभ्या राहिल्या. हा भाग बघताना मी रडले होते, खोटं कशाला बोलू. पण पुन्हा बघितलं तेव्हा लक्षात आलं, की हे सगळं आईच्या पश्चात्तापाच्या गोष्टीत बसवलेलं आहे. मुलगा त्या गोष्टीतला प्रसंग आहे. आई संन्यासिनी होती त्या वर्षांत त्याचं काय चाललं होतं, हे कुणी विचारत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मालिका ती मालिका. मनोरंजन आहे, त्यांनी रंगतदार माणसं निवडली. संशोधकांनी तरी विचारलं असेल ना?

इथे मला जास्त त्रास होतो. कारण विद्यापीठीय लेखनातही चित्र फार वेगळं नाही. रजनीशपुरम चालू असतानाच, १९८३मध्ये, ओरेगन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांच्या गटाने तिथे सर्वेक्षण केलं होतं. कार्ल लॅटकिन आणि सहकाऱ्यांचे त्यावरचे पेपर नेहमी उद्धृत होतात. रहिवासी बहुतेक मध्यमवर्गीय, शिकलेले, तिशीच्या आसपासचे. ताण कमी, समाधान जास्त. निष्कर्ष खोटे आहेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण प्रश्नावली प्रौढ रहिवाशांची. मुलांना किंवा गावाकडे मागे राहिलेल्या नवऱ्या-बायकांना, आईवडिलांना त्यात जागा नाही. मॅरियन गोल्डमन यांचं 'पॅशनेट जर्नीज' (१९९९) हे पुस्तक उच्चशिक्षित, कमावत्या बायका तिथे का गेल्या याचा शोध घेतं. फार चांगलं पुस्तक आहे. पण प्रश्न पुन्हा तोच : लोक सामील का झाले?

हा प्रश्न एवढा प्रबळ का झाला, ते समजून घ्या. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये नुसती नावं मांडण्यापेक्षा याचा उपयोग होईल. १९७०च्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात तरुण मुलं मून यांच्या युनिफिकेशन चर्चसारख्या नव्या संप्रदायांत जाऊ लागली तेव्हा पालक हादरले. "आमच्या पोराचं ब्रेनवॉशिंग झालंय" हा त्यांचा सिद्धांत. काहींनी पैसे देऊन माणसं लावली. सज्ञान मुलामुलींना पळवून, कोंडून ठेवून त्यांचा विश्वास मोडून काढायचा, याला 'डीप्रोग्रॅमिंग' म्हणत. समाजशास्त्रज्ञ याच्या विरोधात उभे राहिले, आणि ते योग्यच होतं. आयलीन बार्कर यांनी 'द मेकिंग ऑफ अ मूनी' (१९८४) मध्ये दाखवलं की मूनपंथीयांच्या शिबिराला गेलेल्या दहांपैकी नऊजण सामील झालेच नाहीत. ब्रेनवॉशिंग इतकं अचूक असतं तर हे कसं घडलं असतं? याच काळात ब्रॉम्ली, शूप आणि व्हेंटिमिग्लिया यांनी 'अत्याचारकथा' ही संकल्पना मांडली. संप्रदाय सोडून आलेला माणूस आपली गोष्ट अशा साच्यात सांगतो की ऐकणाऱ्याला संताप यावा, आणि ही सांगण्याची पद्धत त्याला डीप्रोग्रॅमर आणि वर्तमानपत्रं शिकवतात, असा रोख. तेव्हा सोडून आलेल्यांच्या साक्षीकडे सावधपणे बघावं, हा दंडक झाला.

सावधपणा ठीक. पण या सगळ्या भांडणाचा कणा एकच आहे : माणूस स्वतःच्या इच्छेने आत गेला की त्याला फसवून नेलं? स्वेच्छा की ब्रेनवॉशिंग? आणि बाहेर आल्यावर तो खरं बोलतो की सूड घेतो?

सहा वर्षांच्या मुलाला हे प्रश्न लावून बघा. तो आत गेला नाही, त्याला नेलं. तो सोडून आला नाही. आई निघाली तेव्हा तोही निघाला, किंवा कम्यूनच मोडली. त्याच्या गळ्यात माळ होती, पण तिला दीक्षा म्हणायचं का, हे आपल्याला ठरवता येत नाही. अनुयायी आणि धर्मत्यागी असे दोनच कप्पे केले की हे मूल दोन्हींच्या मधल्या फटीतून खाली पडतं. त्याला खाली पाडायला कुणी वाईट माणूस लागला नाही. प्रामाणिक, हुशार, पालकांच्या दहशतीपासून तरुणांना वाचवू पाहणाऱ्या संशोधकांच्या चांगल्या प्रश्नानेच ते झालं. मला हे तुम्हाला सांगायचं आहे, कारण आपल्याला मेथडॉलॉजीच्या वर्गात वाईट प्रश्न ओळखायला शिकवतात. चांगल्या प्रश्नाच्या आड कोण दिसेनासं होतं, हे बघायला कुणी शिकवत नाही.

मराठी वाचकाला ही फट खरं तर परकी वाटायला नको. "संन्याशाची पोरं" हे शब्द आपण शाळेत असल्यापासून ऐकलेले आहेत. परंपरेने सांगितलेली ती कथा आठवा : विठ्ठलपंत बायकोला सोडून काशीला जाऊन संन्यास घेतात, गुरूला कळल्यावर त्याच्या आज्ञेने परत संसारात येतात, चार मुलं होतात, आणि आळंदीचा समाज त्या कुटुंबाला वाळीत टाकतो. आईवडील प्रायश्चित्त म्हणून देह टाकतात, तरी मुंज नाकारली जाते, आणि मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर उभं राहावं लागतं. मी हे इतिहास म्हणून मांडत नाही आणि रजनीशांच्या कम्यूनशी त्याची तुलनाही करत नाही. तिथे मुलांना छळलं ते बाहेरच्या समाजाने. मला एवढंच दिसतं, की बापाच्या आध्यात्मिक निर्णयाची किंमत मुलांकडून वसूल होते हे आपल्या भाषेने सातशे वर्षांपूर्वीच्या माणसांबद्दल बोलताना अचूक ओळखलं आहे. फक्त ती मुलं ज्ञानेश्वर आणि मुक्ताबाई निघाली, म्हणून आपण ती किंमत माफ करून टाकतो. जी मुलं पुढे साधी कारकून झाली, त्यांची गोष्ट कोण सांगणार?

(जाता जाता : रजनीशांनी १९७०मध्ये मनालीला 'नवसंन्यास' सुरू केला तेव्हा त्याचा मोठा गाजावाजा याच मुद्द्यावर होता, की यात घर सोडावं लागत नाही. घर सोडलं नाही, घरच आत नेलं आणि तिथे विरघळवलं, असं गेस्ट यांचं पुस्तक वाचून मला वाटलं.)

आपल्याकडच्या चर्चेची अडचण आणखी वेगळी. आपण श्रद्धा की भोंदूगिरी एवढंच विचारतो. जादूटोणाविरोधी कायदा २०१३मध्ये आला, त्यासाठी केवढी किंमत मोजली गेली हे तुम्हाला माहीत आहे, आणि त्याच्या अनुसूचीतली बारा कृत्यं वाचली की त्याची गरज लगेच पटते. पण कायदा कृत्याला शिक्षा करतो. आई दुसऱ्या गावच्या आश्रमात सेवेला राहते आणि वर्षातून दोनदा घरी येते, हे कुठलंही कृत्य नाही. त्यात भोंदू कुणी नाही, पैसे कुणी लुबाडले नाहीत. मग त्याला नुकसान म्हणायचं की नाही?

या प्रश्नाला हात घालायचा एक नमुना मला सापडला तो हरे कृष्ण चळवळीवरच्या लेखनात. बर्क रॉकफोर्ड या समाजशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकापासून इस्कॉनचा अभ्यास केला. १९९८मध्ये त्यांनी जेनिफर हाइनलाइन यांच्या सहकार्याने १९७१ ते १९८६ या काळात इस्कॉनच्या गुरुकुलांत मुलांवर झालेल्या अत्याचारांवर लेख लिहिला, आणि तो छापला कुणी? इस्कॉनच्याच नियतकालिकाने. हे मला आजही विशेष वाटतं. पण त्याहून महत्त्वाची आहे लेखाची रीत. रॉकफोर्ड "राक्षस कोण होता" असं विचारत बसत नाहीत. ते विचारतात, मुलं तिथे का होती? उत्तर असं येतं : संप्रदायात ब्रह्मचारी आणि संन्यासी वरचे, गृहस्थ खालचे. संसार म्हणजे कमकुवतपणाची कबुली. पुस्तकं विकायला, निधी गोळा करायला माणसं हवीत. आईबाप मुलांत अडकले तर ते काम होत नाही. म्हणून मुलं लहान वयातच निवासी गुरुकुलात, कधी दुसऱ्या शहरात, कधी दुसऱ्या देशात. गुरुकुलाला पैसा कमी. शिकवायला पुष्कळदा अशी माणसं, जी इतर 'महत्त्वाच्या' कामांत उपयोगी पडत नव्हती, प्रशिक्षण नाही. आणि पालकांनी मुलांच्या बाबतीत फार लुडबुड करू नये अशी अपेक्षा. एवढं सगळं जुळल्यावर अत्याचार करणाऱ्याला अडवणारं कुणी जवळ नसतं.

बघा, इथे एकाही माणसाला ब्रेनवॉश करावं लागलं नाही. स्वेच्छा की सक्ती हा प्रश्नच बाजूला पडला. संप्रदायात कुणाचा वेळ मौल्यवान मानला जातो आणि कुणाच्या वाट्याला उरलेला वेळ येतो, हे मांडलं की नुकसानाचा रस्ता दिसायला लागतो. 'वाइल्ड वाइल्ड कंट्री'च्या दिग्दर्शकांकडे तेवढंच फुटेज होतं, त्याहून जास्तच. त्यांनी सकाळपासून रात्रीपर्यंत रजनीशपुरममध्ये कोण कुठे काम करत होतं आणि तेव्हा मुलं कुणाजवळ होती, एवढं जरी मांडलं असतं, तर सातवा भाग आपोआप तयार झाला असता.

आता माझ्या चुकीकडे येते. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक "सदस्यत्वाची कारणे व परिणाम" असं काहीतरी होतं. परिणामांसाठी मी कोड ठरवले होते : आर्थिक, शारीरिक, लैंगिक, मानसिक, सामाजिक. एक्सेलमध्ये पाच रकाने. छान दिसत होतं.

सुरुवातीच्या मुलाखतींपैकी एक अशा बाईंची होती ज्यांचे आईवडील दोघंही एका संप्रदायाच्या आश्रमात पूर्णवेळ गेले होते. त्या मामाकडे वाढल्या. मी विचारत होते फसवणूक, दबाव, पैसा, धाक. त्या शांतपणे "नाही, तसं काही नाही" म्हणत होत्या. मी मनात म्हणत होते, ही मुलाखत वाया गेली. उठायच्या वेळी त्यांनी कपाटातून प्राथमिक शाळेतली प्रगतिपुस्तकं काढून दाखवली. 'पालकांची सही' या रकान्यात चौथीपर्यंत मामांची सही. पाचवीपासून आईची. मी म्हटलं, "म्हणजे पाचवीत आई परत आल्या?" त्या हसल्या. म्हणाल्या, "छे गं. मी शिकले तिची सही. तिच्यापेक्षा चांगली करायचे."

मी घरी येऊन ते 'मानसिक' या रकान्यात टाकलं. दहा सेकंदही लागले नसतील. पुढच्या मीटिंगला गाईड मॅडमनी त्याच ओळीवर बोट ठेवलं. "हे मानसिक कसं? तिने तर हसत सांगितलं. तू तिथे होतीस, तुला दुःख झालं, ते तू तिच्या नावावर टाकलंस." मग थोडं थांबून, "आणि शीर्षकात सदस्यत्व आहे. या बाई कधी सदस्य होत्या का?"

नव्हत्या. माझ्या सिनॉप्सिसच्या व्याख्येप्रमाणे त्या नमुन्यातच बसत नव्हत्या. मी त्यांच्याकडे गेले होते ते त्यांच्या आईबापांबद्दल माहिती मिळवायला, जशी जेन स्टॉर्क यांच्या गोष्टीत मुलगा येतो तशी.

पुढे त्यांनी मुलाखत मागे घेतली. वडील अजून तिथेच आहेत, त्या दिवाळीला त्यांना भेटायला जातात, आणि ती भेट त्यांना गमवायची नाही. प्रतिलेख मी पुसून टाकला. प्रगतिपुस्तकाचा प्रसंग तेवढा, ओळख पटेल असं काही न घालता, लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे. ही पोस्ट टाकण्याआधी तो भाग त्यांना वाचून दाखवला. मुलाखत मागे घेणं हासुद्धा डेटा असतो, असं कुणी म्हणेल. मला ते वाक्य आवडत नाही. पण एवढं खरं, की "संप्रदाय सोडलेला माणूस सूडाने बोलतो" या गृहीतकाने मी तयार होऊन गेले होते, आणि माझ्यासमोर बसल्या होत्या त्या बाईंची अडचण बरोबर उलटी होती. त्यांना आईबाप सोडायचे नव्हते.

मी शीर्षक बदललं. आता त्यात "सदस्य आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्ती" असं आहे, जरा बोजड, पण असो. पाच रकाने काढून टाकले. त्याऐवजी प्रत्येक मुलाखतीत आधी एक साधा दिवस मांडून घेते : सकाळी कोण उठवायचं, डबा कोण द्यायचं, ताप आला तर रात्री जवळ कोण असायचं, शाळेत कोण यायचं. नुकसान हा शब्द मी माझ्या तोंडून काढत नाही. समितीसमोर एका सरांनी विचारलं, "मग हे मोजणार कसं?" मी म्हटलं, मोजणार नाही, मांडणार आहे. त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. मंजुरी मिळाली, पण त्या प्रश्नासकट मिळाली.

अडचणी आहेतच. माणूस तीस वर्षांनी लहानपण सांगतो तेव्हा आठवणीत पुढचं आयुष्य मिसळलेलं असतं. त्याच कम्यूनमध्ये वाढलेली दोन भावंडं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. एकाला ते स्वातंत्र्य वाटतं, दुसऱ्याला पोरकेपण. कुणाचं खरं, हे ठरवायची घाई मला तरी नको आहे. पत्रं, शाळेचे दाखले, फोटोंच्या मागच्या तारखा, यांच्याशी ताडून बघता येतं; सगळंच ताडता येत नाही. आणि काही सांगणं असं असतं की तिथे ताडण्याच्या आधी मदत कुठे मिळेल हे सांगायची जबाबदारी येते. त्यासाठी मुलाखतीला जाण्याआधी समुपदेशकाचा नंबर तुमच्या वहीत असायला हवा, नंतर शोधत बसू नका.

या विषयावर काम करायचं असेल तर वाचनाचा क्रम माझ्या मते असा ठेवा. आधी गेस्ट. मग बार्कर, म्हणजे ब्रेनवॉशिंग हा शब्द सैलपणे वापरायची सवय जाईल. मग रॉकफोर्ड यांचा लेख. सुझन पामर आणि शार्लट हार्डमन यांनी संपादित केलेलं 'चिल्ड्रन इन न्यू रिलिजन्स' (१९९९) आणि अमांडा व्हॅन एक यांचं 'परफेक्ट चिल्ड्रन' (२०१५) ही दोन पुस्तकं थेट मुलांवरच आहेत. वेळ कमी असेल तर दुसरं घ्या. मालिका सगळ्यांत शेवटी बघा. बघताना वहीत दोन रकाने करा : एकात कोण बोलतं, दुसऱ्यात कोण नुसतं दिसतं. दुसरा रकाना भरताना मला दर वेळी पॉज करावं लागलं, कारण ती माणसं फ्रेममध्ये एक-दोन सेकंदांहून जास्त थांबतच नाहीत.